तिसऱ्या पिनचा आग्रह

माणसाने, राष्ट्राने आणि ओव्हनने जमिनीशी असलेलं नातं कधीही तोडू नये, असं माझं ठाम मत आहे. पहिल्या दोघांबद्दल मी फारसं काही सांगू शकणार नाही. तिसऱ्याच्या बाबतीत मात्र मी माणूसभर खोल जाऊन आलो आहे.

मी विमा कंपनीत आहे. लोकांचे आगीचे दावे माझ्या टेबलावर येतात आणि बहुतेक तिथेच विझतात. कुणाची किटली पेटलेली असते, कुणाचा टोस्टर, कुणाचा टोस्टर आणि त्याच्याबरोबर दिवाणखाना. प्रत्येक दाव्याच्या मुळाशी एक वाक्य असतंच : "साहेब, आजवर कधी काही झालं नव्हतं हो!" हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. त्यामुळे माझ्या घरात विजेच्या बाबतीत हयगय चालत नाही. चालत नाही म्हणजे, तोवर तपासायची वेळ आली नव्हती.

ती आली ओव्हनबरोबर. मेव्हणीने परदेशातला संसार आवरताना आपला ओव्हन धाकट्या बहिणीला, म्हणजे माझ्या बायकोला, बोटीने पाठवून दिला. खोक्यातून बाहेर निघाला तेव्हा आम्ही सगळे दोन पावलं मागे सरलो. बँकेच्या तिजोरीएवढा, नखशिखान्त चकचकीत स्टीलचा! त्यात तोंड बघून दाढी करावी. आईने तर सवयीने पदर सारखा केला.

"एवढ्यात काय भाजायचं? हत्ती?" ती म्हणाली.

"केक," बायको म्हणाली.

हा एका शब्दाचा खुलासा फार मोठा होता. बायको ज्या शाळेत कारकून होती ती शाळा पटसंख्येअभावी बंद पडली होती. तेव्हापासून ती घर आवरत होती. घर इतकं आवरलं गेलं होतं की मला खुर्चीवर बसताना आपण काहीतरी विस्कटतोय असं वाटे. अशात कोपऱ्यावरच्या कॅफेची केक करणारी बाई नोकरी सोडून गेली. बायकोने धीर करून तिथे विचारलं. कॅफेच्या मालकीणबाई, केस कापलेल्या, चष्मा गळ्यात लोंबणारा, शब्द उधार आणल्यासारख्या जपून वापरणाऱ्या. त्या म्हणाल्या, "शनिवारी दुपारी घरी येते. माझ्या डोळ्यांसमोर ओव्हनमधून काढा. बाजारातून आणून बशीत मांडणाऱ्या पुष्कळ बघितल्यात. रविवारी दुसऱ्या एकीचा केक बघायला जायचंय."

म्हणजे शनिवार हुकला की काम हुकलं. बायकोने हे मला सांगितलं तेव्हा तिच्या हातात फडकं होतं आणि ती आधीच पुसलेला कट्टा पुन्हा पुसत होती.

"शनिवारी ओव्हन चालणार!" मी म्हणालो. "माझा शब्द!"

"तुमचा शब्द राहू दे. त्याचा प्लग बसत नाहीये भिंतीत."

व्होल्टेज जुळत होतं, तेवढं मी आधीच बघितलं होतं. पिना तेवढ्या परक्या होत्या. मी विजेच्या दुकानात गेलो. दुकानदाराने माझ्यापुढे दोन पिनांचं एक चिमुकलं कन्व्हर्टर टाकलं.

"हे घ्या. कुठेही बसतं."

"आणि तिसरी पिन?"

"ती लोक मोडून टाकतात."

असल्या माणसांमुळे माझी कंपनी चालते. "तिसरी पिन अर्थिंगची असते," मी त्याला समजावलं. "यंत्राच्या आत काही बिघडलं, करंट बाहेरच्या पत्र्यावर आला, तर तो या पिनमधून गुपचूप जमिनीत जातो. ती नसेल तर तो माणसातून जातो. मला तीन पिनांचंच पाहिजे!"

"आजवर कुणाला काही झालं नाही," दुकानदार म्हणाला आणि कपाटाच्या तळातून फुंकर मारत तीन पिनांचं काढून दिलं. मी ते पदक जिंकल्यासारखं घरी आणलं, लावलं आणि बटण दाबलं. ओव्हनमध्ये दिवा लागला. पंखा गुणगुणायला लागला. बायकोच्या चेहऱ्यावर शाळा बंद पडल्यानंतर प्रथमच उजेड दिसला, थोडासा ओव्हनचा, बराचसा तिचा. तिने दार उघडायला मूठ धरली.

"आई गं!"

"काय गं?" बाहेरच्या खोलीतून आई म्हणाली. "हाक मारायची तर जरा हळू मार!"

"तुम्हाला नाही हो! हा चावला मला!"

"नवीन आहे," आई आत येत म्हणाली. "घरात रुळला की नाही चावणार." आणि पाणी घ्यायला तिने फ्रिजला हात लावला.

"अगं बाई गं!"

आता फ्रिजला काय झालं? मी टेस्टर आणला. टेस्टर म्हणजे तो मुठीत दिवा असलेला पेचकस. ओव्हनला टेकवला, पेटला! फ्रिजला टेकवला, पेटला! मिक्सरच्या स्टीलच्या अंगाला, धुण्याच्या यंत्राला, सगळीकडे हसरा दिवा! घरात न पेटलेला मी एकटाच उरलो होतो. तेवढ्यात माझं कोपर ओव्हनला लागलं.

"प्लग काढा आधी!" बायको ओरडली.

मी काढला. रबरी चपला घालून, कोरड्या फडक्यात हात गुंडाळून, चेहरा दुसरीकडे करून. शूर माणसं अशीच वागतात.

आई बाहेर जाऊन पिशवी भरायला लागली होती. "या घरात इतक्या वर्षांत मला सून चावली नाही, आणि आता फ्रिज चावतो! मी लेकीकडे निघाले. तिच्याकडे वस्तू वस्तूंसारख्या राहतात."

"अगं, मोबाइल तरी घेऊन जा!"

"त्यालाही तुम्ही भिंतीतच खुपसता ना? मग राहू दे इथंच. त्या भुताला जमिनीत गाडाल तेव्हा परत येईन."

गाडायचं ओव्हनला नव्हतं, करंटला होतं. पण मूळ मुद्दा आईने बरोबर पकडला होता.

दुसऱ्या दिवशी वायरमन आला. हा गृहस्थ इतका आत्मविश्वासू होता की त्याने टेस्टरच आणला नव्हता. बोर्ड उघडून त्याने तिसऱ्या भोकाकडे बोट दाखवलं.

"यात काय नाही साहेब. शोभेचं आहे."

"हिरवी वायर दिसतेय की त्यात!"

"वायर आहे. वायर असतेच. पण ती पुढं कुठं जाते, असं कधी कुणी विचारत नाही."

मी विचारलं. आम्ही दोघं त्या वायरचा माग काढत जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत पोहोचलो. तिथे साऱ्या इमारतीच्या हिरव्या वायरी एकत्र आल्या होत्या, त्यांची सुरेख वेणी घातली होती आणि ती वेणी लाकडी फळीतल्या एका खिळ्याला बांधली होती. घट्ट. वर गाठसुद्धा मारली होती.

"हे बघा, अर्थिंग! व्यवस्थित बांधलंय," वायरमन म्हणाला.

"अहो, हा खिळा फळीत आहे! जमिनीत काही जातच नाही!"

"फळी भिंतीत आहे. भिंत जमिनीत आहे."

मी डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांसमोर सगळा प्रकार लख्ख दिसला. ओव्हनमधला करंट माझ्या तीन पिनांमधून ऐटीत निघाला, खिळ्यापर्यंत आला, पुढे वाट नाही म्हटल्यावर मागे वळला आणि प्रत्येक हिरव्या वायरीतून ज्याच्या त्याच्या घरी पाहुणा गेला. मी त्या दुकानदाराचं दोन पिनांचं चिमुकलं घेतलं असतं, तर फक्त ओव्हन चावला असता. सुरक्षिततेच्या आग्रहाने मी सबंध घराला दात आणले होते!

"म्हणजे आमचा ओव्हन वरच्या मजल्यावरच्या फ्रिजलाही पोहोचत असणार?"

"एकत्र कुटुंब आहे साहेब," वायरमन कौतुकाने म्हणाला.

मग त्याने उपाय सुचवले. वायर नळाला बांधू. म्हणजे आंघोळीला बसणाऱ्याने वारसदार नेमून बसावं! नको? मग न्यूट्रलला जोडू. तेही नको? मग वहिनींना रबरी चपला घ्या. जाड तळाच्या. लाल रंगात छान येतात.

"ते काही नाही," मी म्हणालो. "खड्डा करायचा. माणूसभर खोल. तळाशी तांब्याचा पत्रा, त्याच्याभोवती मीठ आणि कोळशाचे थर, पत्र्यापासून वायर थेट आमच्या बोर्डात. पुस्तकात सांगितलंय तसं!"

"एका केकसाठी?"

"एका केकसाठी!"

"पत्रा मी बसवीन. खणायचं आमच्यात येत नाही," वायरमन म्हणाला आणि निघून गेला.

खड्ड्याची जागा ठरलेलीच होती. आम्ही तळमजल्यावर राहतो. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराबाहेर इमारतीचं सामाईक अंगण आहे. सामाईक जागेत खणायचं तर रीतसर सभेची मंजुरी घ्यायला हवी. पण फाटकाला कुठला रंग द्यावा यावर आमच्या सभेत इतका सखोल विचार झाला होता की तोवर फाटक गंजून पडलं. शनिवारच्या आत सभेने पाण्याचा पेलासुद्धा मंजूर करणं शक्य नव्हतं. मी ठरवलं, कुणाला काही बोलायचं नाही. रजा टाकली, फावडं आणलं आणि खणायला उतरलो.

आमच्या डोक्यावरच्या गॅलरीत इमारतीचे अध्यक्ष राहतात. निवृत्त प्राध्यापक, विषय वनस्पतिशास्त्र. त्यांच्या गॅलरीत कुंड्यांचं रान आहे. त्या कुंड्यांचं पाणी रोज सकाळी खाली अंगणात उन्हाला बसलेल्या आईच्या डोक्यावर ठिबकतं आणि मग दोघांचं रोज सकाळी कडाक्याचं भांडण होतं. वर्षानुवर्षं! दोघांचीही तब्येत त्यावर उत्तम आहे.

मी कमरेइतका आत गेलो असताना वरून आवाज आला.

"काय चाललंय?"

"बागकाम!"

"एवढ्या खोल? कसलं झाड?"

"मुळं खोल जातात त्याची."

"नाव काय?"

मी वाकून जोरजोरात माती उपसायला लागलो. वनस्पतिशास्त्राच्या माणसापुढे झाडाचं नाव शोधणं म्हणजे चोराने पोलिसाला पत्ता विचारण्यासारखं.

थोड्या वेळाने हातगाडीवरून मीठ आलं. पोतंच्या पोतं. मागोमाग कोळसा.

"हे मीठ कुणाला?"

"झाडाला."

"अहो, मिठाने झाड मरतं!"

"काही काही झाडांना मानवतं," मी म्हणालो. प्राध्यापकांचा चेहरा असा झाला, जणू त्यांची सगळी पुस्तकं कुणीतरी रद्दीत घातली.

"आणि आई दिसत नाहीत कुठं? आज सकाळी मी कुंड्यांना पाणी घातलं. खालून कोणी बोललंच नाही. पुन्हा घातलं."

"बहिणीकडे गेलीय."

"अशा एकाएकी?"

"तिला जरा शॉक बसला."

"कसला?"

करंटचं सांगावं तर ओव्हन निघणार, ओव्हन निघाला की खड्डा निघणार, खड्डा निघाला की सभा भरणार. "घरगुती," मी म्हणालो.

अध्यक्ष गॅलरीतून आत गेले. पडद्याआडून मात्र गेले नाहीत.

संध्याकाळी बहिणीचा फोन आला. आई तिच्याकडे सगळ्या वस्तूंना काठीने ढोसून बघत होती, घरी कधी परत पाठवू, असं ती रडकुंडीला येऊन विचारत होती. मी खड्ड्याच्या काठावर टेकलो होतो. अंग असं दुखत होतं की मोबाइल दोन्ही हातांनी धरला होता. "अगं, काळजी करू नकोस," मी जोरात म्हणालो, कारण रेंज कमी होती. "उद्या पुरून टाकतो! वर मीठ आणि कोळसा घातला की पुन्हा त्रास म्हणून नाही!"

वर एक कुंडी पडल्याचा आवाज आला. मांजर असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही.

वायरमनने येऊन पत्रा बसवला. तांब्याची जाड वायर पट्टीने आवळून, मागच्या दाराच्या चौकटीखालून आमच्या बोर्डापर्यंत नेली. आमच्या हिरव्या वायरी त्या खिळ्यावरून सोडवून तिला जोडल्या. खड्डा बुजवला. आणि मग बायकोने ओव्हन लावला. मी टेस्टर टेकवला. अंधार! फ्रिज, अंधार! मिक्सर, अंधार! इतका आनंददायक अंधार मी आयुष्यात पाहिला नव्हता. बायकोने आधी एक बोट लावलं, मग चार, मग पूर्ण तळवा, आणि एकदम हसली.

शुक्रवारी तिने दिवसभर सराव केला. एक केक बसका झाला, एक डोंगराएवढा फुगला आणि न सांगता आलेल्या पाहुण्यासारखा कोसळला, पुढचे मात्र एकाहून एक जमत गेले. ओव्हन सकाळपासून तापलेला होता. मी मागच्या अंगणात खड्ड्याच्या जागी नळीने पाणी घालत होतो. अर्थिंगची माती ओली ठेवावी लागते, तरच करंट नीट मुरतो. पाणी किती मुरतं ते मी खाली मान घालून बघत उभा राहिलो. पुष्कळ वेळ. वर बघितलं तर अध्यक्ष गॅलरीत उभे होते आणि त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला होता.

"सर्दी?" मी विचारलं.

ते रुमालासकट आत गेले.

शनिवार उजाडला. दुपारी मालकीणबाई आल्या. बायकोने मिश्रण भांड्यात ओतलं, भांडं ओव्हनमध्ये सरकवलं, दार लावलं. मग तिने पुसलेला कट्टा पुन्हा पुसायला घेतला. मालकीणबाई स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसल्या, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि ओव्हनच्या काचेकडे बघत राहिल्या.

मागच्या दारावर टकटक झाली. मी उघडलं. अध्यक्ष आणि त्यांच्या शेजारी एक धिप्पाड हवालदार!

मी झटकन बाहेर जाऊन दार ओढून घेतलं.

"यांच्या आई कुठं आहेत ते यांना विचारा!" अध्यक्ष म्हणाले.

"बहिणीकडे!" मी म्हणालो.

"फोन लावा," हवालदार म्हणाला.

मी आईचा नंबर लावला. घंटी वाजली. ती आमच्याच स्वयंपाकघरातल्या फळीवरून वाजली, हे सर्वांनी ऐकलं.

"ती मोबाइल इथंच ठेवून गेली," मी म्हणालो. हे वाक्य मला खोटं वाटलं, तर हवालदाराला काय वाटलं असेल! मी बहिणीला लावला. नुसता वाजत राहिला.

"या मातीत काय आहे?"

"तांब्याचा पत्रा."

"तांब्याचा पत्रा कोण पुरतं?"

"अर्थिंगसाठी! त्याच्याभोवती कोळसा असतो. आणि मीठ."

"मीठ कशाला?"

"ओलावा टिकावा म्हणून."

हवालदार आणि अध्यक्षांनी एकमेकांकडे बघितलं. खरं बोलून माणूस किती गोत्यात येतो, हे मी रोज टेबलाच्या पलीकडून बघत आलो होतो. अलीकडे बसून बघायची पहिलीच वेळ.

तेवढ्यात दार बोटभर उघडलं. फटीतून बायको कुजबुजली, "कोण आहे?"

"पोलीस."

"कशाला?"

"आई कुठंय विचारताहेत."

"सांगा ना मग!"

"सांगितलं. पटत नाहीये. खणायचं म्हणताहेत."

बायकोने क्षणभर विचार केला. "खणू द्या. पण आवाज करू नका म्हणावं. बाईंना कळलं तर संपलं सगळं. आणि तुम्ही आत या, त्यांनी तुमच्याबद्दल विचारलंय."

"खणा," मी हवालदाराला म्हणालो. "फक्त आवाज न करता."

"फावडं आहे का तुमच्याकडे?"

मी फावडं दिलं. स्वतःच्या हाताने! आणि आत गेलो.

पुढचा वेळ मी आत-बाहेर करत होतो. आत केक फुगत होता, बाहेर ढिगारा. मालकीणबाईंना मी चहा दिला. हवालदारालाही दिला. अध्यक्षांनी नको म्हटलं.

"बाहेर काय चाललंय?" मालकीणबाई म्हणाल्या.

"बागकाम."

"पोलिसांच्या टोपीत?"

"हौशी आहेत," बायको म्हणाली. लग्नाला इतकी वर्षं झाली, ती खोटं बोलू शकते याचा मला पत्ता नव्हता!

मग केक निघाला. काय सांगू! तपकिरी, एकसारखा, कडा भांड्यापासून नेमक्या सुटलेल्या. मालकीणबाईंनी तुकडा तोडला, खाल्ला, दुसरा तोडला. चेहऱ्यावर काही नाही. बायको कट्ट्याची कड धरून उभी. ती शांतता मला सहन होईना. शांतता भरून काढायची माझी एकच पद्धत आहे, माहिती देणे.

"नुसता केक बघू नका!" मी म्हणालो. "ओव्हन बघा! असला परदेशी ओव्हन घरोघरी असेल, पण अर्थिंग? हा पहिल्या दिवशी चावत होता. मी जमिनीत माणूसभर खोल तांब्याचा पत्रा घातला. आज मूल खेळवावं असा झालाय. लावा, हात लावा! बिनधास्त!"

मालकीणबाईंनी स्टीलवर सरळ तळवा ठेवला. काही झालं नाही. मी विजयाने बायकोकडे बघितलं. कुठल्याही यंत्राच्या इतिहासात इतका शांत पत्रा झाला नसेल!

त्याच क्षणी अंगणातून एक ओळखीचा आवाज कडाडला.

"अहो अध्यक्ष! माझ्या घरामागे काय उकरताय? आणि हा हवालदार कोण?"

बहीण आईला गाडीवर मागे बसवून घेऊन आली होती. म्हणूनच फोन उचलत नव्हती.

"तुम्ही... आहात?" अध्यक्ष म्हणाले.

"नसायला काय झालं? मी जाईन ना, त्याआधी तुमची एकेक कुंडी फोडून जाईन! सांगून ठेवते!"

"फोडा!" अध्यक्ष म्हणाले. "खुशाल फोडा!" आणि त्यांनी पुन्हा रुमाल काढला.

मागचं दार सताड उघडलं. हवालदार आत आला. नखशिखान्त माती, तोंडावर कोळसा, आणि दोन्ही हातांत ट्रेसारखा धरलेला माझा तांब्याचा पत्रा. त्याला लोंबणारी वायर वीतभर अंतरावर फावड्याने सपकन तुटलेली होती.

"साहेब, माफ करा," तो ओशाळून म्हणाला. "हा केव्हाच वर आला होता, पण मला वाटलं, खाली अजून काही असेल. कुठं ठेवू?"

मी पत्र्याकडे बघितलं. मग ओव्हनकडे. ओव्हन चालू होता. मालकीणबाईंचा तळवा अजून त्यावरच होता.

"मग हा चावत का नाहीये?" मी विचारलं. कुणाला विचारलं, मला माहीत नाही.

"बोटीने आला का?" मालकीणबाई म्हणाल्या. "आमचेही आले होते. वाटेत आतली कॉइल ओल धरते, मग झिणझिण्या येतात. दिवसभर तापवला की वाळतो."

"आणि अर्थिंग?"

"ते हवंच," त्या म्हणाल्या. "पण आज याने ते वापरलेलं नाही." मग बायकोकडे वळल्या. "केक चांगला आहे. सोमवारपासून या."

बायकोने कट्टा सोडला. "रोज किती पाठवू? दुपारपर्यंत इथून..."

"पाठवायचं काय? तिथंच करायचे. माझ्याकडे तीन ओव्हन आहेत."

"मग घरी येऊन कशाला बघितलं?" मी म्हणालो.

"हात बघायचा होता. ओव्हन कोण बघतंय!"

बायको हसत हसत खुर्चीत बसली आणि मग डोळे पुसत तिने हवालदाराला केकचा मोठा तुकडा कापून दिला. पहिला घास त्याने अध्यक्षांना देऊ केला. अध्यक्षांनी तो आईला दिला.

रविवारी मी पत्रा पुन्हा पुरला. नवी वायर टाकली, नवं मीठ घातलं. ओल धरलेली कॉइल वाळते, पण कुजलेली वायर वाळत नाही, आणि आमच्या टेबलावर दावे तिचेच येतात. या खेपेला अध्यक्ष स्वतः खाली उतरून माती लोटायला आले आणि आपल्या घरची हिरवी वायरही याच पत्र्याला जोडा म्हणाले. सभेत मांडू का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "मुळीच नको!"

बायको रोज सकाळी कॅफेत जाते. घर पूर्ववत विस्कटलेलं आहे. आमच्या ओव्हनमध्ये आई तवे आणि झाकणं ठेवते.

अर्थिंग उत्तम आहे.